लेटेक्सची गादी घेताना काय पाहावं?

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो फेसाळून, साच्यात ओतून गरम केला की फोम तयार होतो. पण 'लेटेक्स' लिहिलेली प्रत्येक गादी पूर्ण लेटेक्सची नसते. अनेकदा वर एक-दोन इंचांचा थर आणि खाली साधा पीयू फोम असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमतही त्याच हिशेबाने हवी. म्हणून खोळीची चेन उघडून थर पाहावेत. लेटेक्स नैसर्गिक की कृत्रिम, हे बिलावर लिहून घ्यावं. दुकानात कुशीवर दहा मिनिटं झोपावं, खांदा अवघडला तर गादी जास्त कडक आहे. बजेट कमी असेल, तर जुन्या टणक गादीवर दोन इंची लेटेक्स टॉपरही चालतो. एक मात्र लक्षात ठेवावं: कापसाच्या गादीसारखी ही उन्हात टाकू नये. उन्हाने लेटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडतो.