डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन : स्त्रियांची वारसासंस्था आणि तिच्या शाखा

‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही अमेरिकेतील स्त्रियांची जुनी वारसासंस्था आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या किंवा त्या लढ्याला मदत केलेल्या व्यक्तीची थेट वंशज असलेली, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली स्त्री तिची सभासद होऊ शकते. पुरुष वंशजांच्या संस्थेने स्त्रियांना प्रवेश नाकारला, म्हणून ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन येथे ही संस्था स्थापन झाली. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन या तिच्या पहिल्या अध्यक्षा होत.

संस्थेचे काम मुख्यतः गावोगावच्या शाखांतून चालते. पहिली शाखा १८९१ मध्ये शिकागोत निघाली. स्वातंत्र्यसैनिकांची थडगी शोधून तेथे खूण बसवणे, जुन्या नोंदी जपणे, शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा घेणे, १७ ते २३ सप्टेंबर हा संविधान सप्ताह साजरा करणे, अशी कामे शाखा करतात.

सभासदत्वासाठी घरात ऐकलेली गोष्ट किंवा नुसते आडनाव पुरत नाही. प्रत्येक पिढीचा आधीच्या पिढीशी संबंध जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींनी सिद्ध करावा लागतो. ही साखळी आई, आजी, पणजी यांच्याकडूनही चालते. त्यामुळे माहेरचे आणि सासरचे आडनाव जोडणारी विवाहनोंद फार मोलाची ठरते.

या संस्थेच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. १९३९ मध्ये कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना संस्थेने आपले सभागृह नाकारले. त्याच्या निषेधार्थ एलेनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्व सोडले. पुढे १९७७ मध्ये कॅरन बॅचलर या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद झाल्या. लीना फर्ग्युसन यांना मात्र वंशावळ असूनही वॉशिंग्टनच्या शाखेत प्रवेश मिळेना. त्यांच्या लढ्यानंतर १९८४ मध्ये संस्थेला वर्णभेदाविरुद्ध नियम करावा लागला. वंशाचा अभिमान इतरांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला, की काय होते, हे यातून दिसते.

आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना यातून एक उपयोगाची गोष्ट घेता येईल. आपल्या अनेक जुन्या वंशावळींत मुलगे पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. लेकी लग्नानंतर दिसेनाशा होतात. त्यातच लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे एकच स्त्री दोन नावांनी नोंदली जाते आणि तिचा माग हरवतो.

तरीही शोध घेता येतो. बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण मुलींनाही सक्तीचे होते. म्हणून जुन्या शाळांच्या दाखल्यांत आजी-पणजीचे माहेरचे नाव मिळण्याची शक्यता असते. लग्नपत्रिका, जुनी पत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या हेही पाहावे. सुरुवात मात्र घरातील वडीलधाऱ्या बायकांपासून करावी : माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि आईचे माहेर, एवढे त्यांना आजच विचारून लिहून ठेवावे.