मुख्याध्यापकांच्या घरात दुसरं कोण राहतं? पुण्याच्या तीन जोडप्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लेखी अवतार.

सुरुवात घरातूनच करतो. माझे दाजी एका आखाती देशात इंटरनॅशनल स्कूलचे प्रिन्सिपल आहेत. ताई इथे बँकेत होती, नऊ वर्षं. दाजींना ऑफर आली आणि तिने राजीनामा दिला. परवा व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "कसं चाललंय?" ती म्हणाली, "मस्त. इथे मला सगळे ओळखतात. प्रिन्सिपल सरांची मिसेस म्हणून." मग हसली, पण ते हसणं मला काही पटलं नाही.

अशा जोडीदाराला इंग्रजीत 'ट्रेलिंग स्पाउस' म्हणतात. म्हणजे मागून येणारा. शाळा प्रिन्सिपलला घर देते, गाडी देते, पहिल्या आठवड्यात चार माणसांशी ओळख करून देते. आणि मागून येणाऱ्याला? बहुतेक वेळा डिपेंडंट व्हिसा आणि वायफायचा पासवर्ड. दाजी रात्री नऊला घरी येतात तेही डोक्यात शाळा घेऊन.

मी कर्वेनगरला राहतो. फोन ठेवला आणि खाली चहाला गेलो, तेव्हा डोक्यात आलं की ज्या माणसाच्या नावाने हा एरिया ओळखला जातो, त्याच्या घरी काय चित्र होतं? मग वाचत सुटलो. हा भाग त्या वाचनातून आलाय.

आधी १८४८ मध्ये जाऊ. बुधवार पेठ, भिडे वाडा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले मुलींची शाळा सुरू करतात. दगड-शेणाची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, ती परत सांगत नाही. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या नात्याकडे. १८४९ मध्ये दोघांना घर सोडावं लागलं. उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली, आणि शाळेच्या कामात फातिमा शेख सोबत आल्या. म्हणजे या जोडप्याला पहिला आधार मिळाला तो एका मित्राच्या घरातून.

सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला माहीत आहेत. त्यातलं पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून. त्या आजारी म्हणून माहेरी गेल्या होत्या. पत्रात काय आहे? तब्येतीची खबर आहे. आपल्या कामावरून भावाने जे बोल लावले आणि त्यांनी त्याला जे उत्तर दिलं, ते आहे. आणि मी इथे अडकल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी आहे. आजारी बायकोने नवऱ्याला पत्र लिहिलंय, पण वाचताना वाटतं की एका सहकाऱ्याने दुसऱ्याला लिहिलंय. काम दोघांचं होतं, त्यामुळे सावित्रीबाई कुणाच्या 'मिसेस' नव्हत्या.

आता कर्व्यांकडे येऊ. इथे गोष्ट अवघड होते.

धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. मार्च १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर नाव आनंदीबाई, पण सगळे म्हणायचे बाया. या लग्नामुळे मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. म्हणजे किंमत दोघांनी मोजली.

१८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. ते हिंगणे म्हणजेच आजचं कर्वेनगर. तेव्हा रस्ताही धड नव्हता. कर्वे कॉलेजात शिकवून मैलोन्‌मैल पायी आश्रमात जायचे. हा भाग आपण सगळ्यांनी ऐकलाय.

न ऐकलेला भाग असा, की विधवांसाठी काढलेल्या या संस्थेत बायांना सुरुवातीला उघडपणे जागाच नव्हती.

का? तर आश्रमात मुली पाठवणारे पालक सनातनी घरांतले. 'इथे आमच्या मुलीचं लग्न तर लावून देणार नाहीत ना?' ही त्यांची भीती. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचं काम आणि शिक्षणाचं काम वेगळं ठेवलं. आणि पुनर्विवाह केलेली बाई संस्थेत दिसणं म्हणजे नेमकं तेच भय. बायांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा, पण त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं, तेव्हा केशवपन केलेलं होतं. त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, पुढे १९१८ मध्ये अमेरिकेलाही गेल्या. एक बहीण संस्थेच्या आत आणि संस्थापकाची बायको दाराबाहेर! हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

कर्व्यांचा हिशोब मला समजतो. तसं केलं नसतं तर कदाचित आश्रम उभाच राहिला नसता. पण त्या हिशोबातला एक आकडा बायांच्या नावावर टाकला गेला.

दुसरा मुद्दा पैशाचा. नवरा मिळकत संस्थेकडे वळवणार, विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करणार, आणि घर? रघुनाथ हा पहिल्या लग्नाचा मुलगा, शिवाय शंकर, दिनकर, भास्कर. बाया गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, स्वतः कमवायचं म्हणून. पुढे संस्थेसाठी वर्गणी गोळा करत त्या स्वतःही फिरल्या. आणि १९४४ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, 'माझे पुराण'. त्यात नवऱ्याबद्दल आदर आहे, आणि तक्रारही आहे. दोन्ही एकाच आवाजात.

तिकडे कर्व्यांचं काम जगभर पोचत होतं. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून ही कल्पना सुचलेली. १९२९ मध्ये सत्तरी उलटल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान असं फिरून आले. बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. १९५८ मध्ये भारतरत्न. हे सगळं खरं आणि मोठं आहे. पण या यादीत घर कुणी चालवलं याचा रकाना नाही.

आता तिसरं जोडपं. आणि इथे मला जरा उजेड दिसतो.

याच घरात वाढलेला मुलगा म्हणजे दिनकर. रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेला, परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला, पुढे तिथला प्राचार्य झाला. त्याची बायको इरावती. तिला पीएच.डी.साठी बर्लिनला जायचं होतं. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. हो, तेच सासरे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं! दिनकर बायकोच्या बाजूने उभा राहिला. जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि १९२८ मध्ये इरावती बर्लिनला गेली. दोन वर्षांनी पीएच.डी. घेऊन आली. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. 'युगान्त'ची लेखिका इरावती कर्वे ती हीच. पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवायची, त्या काळात!

म्हणजे एका मोठ्या कॉलेजच्या प्राचार्यांची बायको, पण तिची ओळख प्राचार्यांमुळे नाही. आज तर दिनकर कर्व्यांची ओळख 'इरावतींचे यजमान' अशी करून द्यावी लागते. दिनकरने हे कुठून शिकलं? पुरावा नाही, पण मला वाटतं, आईकडे बघून. आईने काय काय गिळलं ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

तीन जोडपी समोर ठेवली तर मला तीन गोष्टी दिसतात. संस्था चालवणाऱ्याच्या जोडीदाराला आधार म्हणजे ॲनिव्हर्सरीला बुके नाही. एक, स्वतःचं काम, मग ते एकत्र असो किंवा वेगळं. दोन, पैशाच्या निर्णयात खुर्ची. तीन, उस्मान शेख यांच्यासारखं एखादं घर, जिथे दोघांनाही जागा असेल. शाळेच्या मॅनेजमेंटने प्रिन्सिपल नेमताना हे विचारायला काय हरकत आहे? 'तुमच्यासोबत कोण येतंय, त्यांना इथे काय करायचंय?' एवढं पुरे. आणि मॅनेजमेंट विचारत नसेल, तर ऑफरवर सही करायच्या आधी घरातल्याने तरी विचारावं.

काल मी ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "'माझे पुराण' पाठव. आणि हे दाजींना सांगू नकोस, मी सांगते." रात्री मेसेज आला: तिथल्या एका शाळेत अकाउंट्सची जागा आहे, व्हिसा बदलता येईल का ते दोघं मिळून बघतायत.

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला अडकलात तर एकदा बायांची आठवण काढा. आणि तुमच्या घरात कुणी 'सरांची मिसेस' किंवा 'मॅडमचे मिस्टर' असतील, तर आज त्यांना त्यांच्या नावाने हाक मारून विचारा, तुझं काय चाललंय?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.