खाली दुकान, वर बिऱ्हाड

भारतातून आलेल्या आईवडिलांना फ्रिस्को स्क्वेअरला फिरायला नेलं, की वर बघून त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं, "हे आपल्या पेठेसारखंच आहे की! खाली दुकानं, वर बिऱ्हाडं." आपल्याला इथे ही रचना नवी आणि जरा महागडी वाटते. पुण्याच्या जुन्या पेठांत मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचा जमाखर्च एकदा मांडून पाहू या.

आधी जमेची बाजू. पेशवाईत पेठा वाढल्या त्या व्यापारउदिमाच्या आधाराने. पूर्वीच्या मलकापूरची रविवार पेठ झाली, ती व्यापाऱ्यांची. कसबा पेठेत तांबटांची आळीच वसली. रस्त्याकडच्या दर्शनी भागात दुकान, मागे किंवा माडीवर घर. सकाळी फळ्या काढल्या की दुकान उघडलं, रात्री लावल्या की बंद. भाडं एका जागेचं, जाण्यायेण्यात वेळ जात नाही आणि मालावर रात्रंदिवस नजर. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवायचे, ते मठारकाम तांबटाचा मुलगा बापाशेजारी बसून बघत बघतच शिकायचा. पुण्याच्या '१ ते ४ बंद'ची आपण कितीही चेष्टा केली, तरी घर जिन्याच्या वरच असलं म्हणजे दुपारी गरम जेवण आणि वामकुक्षी दोन्ही जमतं, हे कबूल करायला हवं.

आता खर्चाची बाजू. फळ्या लावल्या तरी ओळखीचं गिऱ्हाईक मागच्या दाराने हाक मारायचंच. धान्य निवडणं, पाखडणं, गड्यांचा चहा, या घरातल्या बायकांच्या कामाची नोंद कुठल्याच खतावणीत नसे. तांबट आळीतल्या ठोक्यांचा आवाज पाळण्यातल्या बाळालाही चुकला नाही. शिवाय लाकडी वाडे एकमेकांना खेटून उभे. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा आगीत गेला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. सामान्य दुकानदारावर अशी वेळ आली, तर त्याचं घर आणि धंदा एकाच रात्रीत जाणार. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हाही ज्यांची माडी वाचली त्यांचं खालचं दुकान बुडालं.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठवली, दुकानांची आणि बिऱ्हाडांचीही. भाडेकरूंना मोठा आधार मिळाला, पण त्या भाड्यात मालकाला कौलं बदलणंही परवडेना. कितीतरी वाडे दुरुस्तीविना खचले आणि त्यांच्या जागी इमारती आल्या.

अमेरिकेतही जुन्या गावांच्या मेन स्ट्रीटवर अनेक दुकानदार दुकानाच्या वरच राहत. धूर, गोंगाट आणि गर्दीपासून घरं वाचवावीत म्हणून इथे वस्ती आणि धंदा यांची फारकत करणारे नियम आले. ओहायोतल्या यूक्लिड गावाचे असे नियम १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले आणि देशभर तीच पद्धत रुळली. आपलं फ्रिस्को १९०२ साली रेल्वेमुळे वसलं आणि त्या रेल्वेच्याच नावाने ओळखलं गेलं. २००० च्या जनगणनेत इथे ३३,७१४ माणसं होती, २०२० मध्ये २,००,५०९. यातली बहुतेक माणसं ज्या वसाहतींत राहायला आली, तिथे शांतता आहे, अंगण आहे, पण कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी काढावी लागते. मुलांना आईवडील दिवसभर काय काम करतात, हे कधी दिसत नाही.

म्हणजे दिसत नव्हतं. २०२० मध्ये महासाथ आली आणि आपल्यापैकी अनेकांचं ऑफिस वरच्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसलं. मुलं, जेवणाची हाक, कामाचा फोन, सगळं पुन्हा एका छपराखाली. पेठेतल्या घराचे फायदे आले, तसा जाचही आला. रात्री साडेदहाला भारतातल्या टीमचा कॉल सुरू होतो, तेव्हा मागच्या दाराने हाक मारणारं ते गिऱ्हाईक आठवतं.

पुण्याच्या दुकानदाराला निदान फळ्या लावता येत होत्या आणि १ ते ४ ची पाटीही. आपल्या टेबलावर तशी पाटी ठेवायची हिंमत आपल्यापैकी किती जणांत आहे?