प्रश्नोत्तरे, अर्थमंत्र्यांची

संसदेत किंवा राज्य विधानमंडळात कर, करविषयक कायदे, शासनाचा खर्च, बँका व विमा यांसंबंधी सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांना अर्थमंत्र्यांनी दिलेली तोंडी वा लेखी उत्तरे. संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लादता वा वसूल करता येत नाही. कायदा सभागृह मंजूर करते. पुढे त्याची अंमलबजावणी कशी होते याची विचारणा सदस्य प्रामुख्याने प्रश्नांच्या मार्गाने करतात. अर्थसंकल्पावरील चर्चा वर्षातून काही दिवस चालते, प्रश्न मात्र प्रत्येक अधिवेशनात दर आठवड्याला येतात. अर्थमंत्र्यांचे उत्तर म्हणजे कायदा नव्हे आणि त्याने कराचा दरही बदलत नाही. तथापि ते सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाते आणि त्यातील आश्वासनांचा पुढेही पाठपुरावा होतो.

इतिहास : १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने कायदेमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याचा आणि अर्थसंकल्पावर बोलण्याचा अधिकार दिला; पूरक प्रश्न विचारण्याची आणि मतदानाची मुभा नव्हती. केंद्रीय कायदेमंडळात पहिला प्रश्न १८९३ मध्ये भिंगाच्या राजांनी विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना सामान पुरविताना गावोगावच्या दुकानदारांना होणारा जाच हा त्याचा विषय होता. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ही सवलत इतर सदस्यांनाही मिळाली.

मर्यादित अधिकारातही शासनाच्या आकड्यांना आव्हान देण्याचा पायंडा गोपाळ कृष्ण गोखले यांनी पाडला. मार्च १९०२ मधील अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी शिलकी अर्थसंकल्प हा लोकांच्या सुबत्तेचा पुरावा नसून जास्त करआकारणीचा परिणाम आहे, असे मांडले. मिठावरील कर कमी करण्याची आणि प्राप्तिकराची माफीमर्यादा वाढविण्याची मागणी केली. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली.

संसदेतील कार्यपद्धती : लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, प्रश्नांसाठी राखीव असतो. राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. प्रश्नांचे मुख्य प्रकार तीन. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते आणि त्यावर पूरक प्रश्न नसतो. तातडीच्या सार्वजनिक विषयावर, मंत्र्यांची तयारी असेल तर, अल्पसूचना प्रश्न घेता येतो. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित, तर राज्यसभेच्या यादीत १५ तारांकित व १६० अतारांकित प्रश्न असतात. मंत्रालयांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार दिलेला असतो. अलीकडच्या अधिवेशनांत अर्थ मंत्रालयाचे प्रश्न लोकसभेत सोमवारी आणि राज्यसभेत मंगळवारी येत आले आहेत.

कोणाचा प्रश्न यादीत वर लागणार हे सोडतीने ठरते. तासाभरात वीसही तारांकित प्रश्न क्वचितच पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. त्यामुळे यादीतील पहिल्या काही क्रमांकांना मोठे महत्त्व असते. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते, पण पूरक प्रश्नाला मंत्र्यांना जागेवर उत्तर द्यावे लागते. त्यासाठी विभाग मंत्र्यांना संभाव्य पूरक प्रश्नांच्या टिपणांसह धारिका देतो आणि वरिष्ठ अधिकारी सभागृहातील अधिकारी कक्षात बसून ऐनवेळी चिठ्ठ्या पोहोचवितात. उत्तर अपुरे वाटल्यास सदस्य अर्धा तास चर्चेची सूचना देऊ शकतो. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ किंवा ‘विचार करू’ अशी उत्तरे आश्वासने म्हणून नोंदविली जातात. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून त्यांचा पाठपुरावा करते. पूर्ततेची अपेक्षित मुदत तीन महिन्यांची आहे.

उत्तरांचे स्वरूप : करविषयक प्रश्नांच्या उत्तरांना ठरलेले साचे आहेत. कायद्यात बदल होणार काय, असे विचारल्यास ‘असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही’ हे उत्तर सर्वांत जास्त आढळते. वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) दराविषयी विचारल्यास, दर जीएसटी परिषदेच्या शिफारशींवर ठरतात, असे सांगितले जाते. अनुच्छेद २७९-अ खालील या परिषदेत केंद्र व राज्ये दोन्ही असल्याने केंद्रीय अर्थमंत्री एकट्याने दराचा शब्द देऊ शकत नाहीत. विशिष्ट करदात्याची माहिती मागितल्यास गोपनीयतेचे कारण दिले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी कलम १३८ होते. येणाऱ्या अर्थसंकल्पातील करप्रस्ताव आधी उघड केले जात नाहीत. न्यायप्रविष्ट बाबींवरील आणि केवळ मत विचारणारे प्रश्न मुळात स्वीकारलेच जात नाहीत.

विधेयकावरील उत्तर ही वेगळी बाब आहे. वित्त विधेयक मांडताना आणि चर्चेला उत्तर देताना अर्थमंत्री तरतुदींमागचा हेतू सांगतात. के. पी. वर्गीस खटल्यात (१९८१) प्राप्तिकर कायद्यातील भांडवली नफ्याच्या एका तरतुदीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद आणणाऱ्या अर्थमंत्र्यांच्या भाषणाचा आधार घेतला. सभागृहात दिलेले स्पष्टीकरण करदात्याच्या कामी येते, ते असे.

मराठी अर्थमंत्री : चिंतामणराव देशमुख (कार्यकाळ १९५०–५६) हे रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर आले. पहिल्या लोकसभेत इस्टेट ड्युटी म्हणजेच मृत्युकराचा कायदा (१९५३), स्टेट बँकेचा कायदा (१९५५), आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण आणि कंपनी कायदा (१९५६) यांवर सदस्यांना उत्तरे देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. संयुक्त महाराष्ट्राच्या वादात मुंबईबाबतच्या केंद्राच्या निर्णयाचा निषेध म्हणून त्यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले.

यशवंतराव चव्हाण (१९७०–७४) यांच्या काळात प्रत्यक्ष करांविषयी वांच्छू समितीचा आणि शेतीतील उत्पन्न व संपत्तीच्या करआकारणीविषयी के. एन. राज समितीचा अहवाल आला. शेती उत्पन्नावरील कर हा राज्यसूचीतील विषय असल्याने दुसऱ्या अहवालाने केंद्र-राज्य अधिकारांचा प्रश्न पुढे आणला. १९७४ च्या अर्थसंकल्पात चव्हाणांनी प्राप्तिकराचा अधिभारासह कमाल दर ९७.७५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर आणला. मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण १९८८–८९ मध्ये अर्थमंत्री होते. त्यांच्यानंतर मधू दंडवते (१९८९–९०) आले. राजापूरचे खासदार म्हणून १९७१ पासून ते सभागृहात होते आणि विरोधी बाकावरून प्रश्न विचारण्याचा दीर्घ अनुभव घेऊन उत्तर देणाऱ्याच्या जागी बसले. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचा निर्णय त्यांच्या काळातला. पुढे छत्रपती संभाजीनगरचे भागवत कराड २०२१ ते २०२४ या काळात अर्थ राज्यमंत्री होते. मंत्रालयाची बरीच उत्तरे राज्यमंत्र्यांच्या नावे दिली जातात.

मुंदडा प्रकरण : प्रश्नांतून अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत पोहोचलेले हे भारतातील पहिले मोठे प्रकरण. नव्या आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये उद्योजक हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. त्याविषयी लोकसभेत प्रश्न आले. उत्तरांनी सदस्यांचे समाधान झाले नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी सत्ताधारी पक्षाचेच फिरोझ गांधी यांनी व्यवहाराची सविस्तर चिरफाड केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली. मंत्रालयाच्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांना टाळता येत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला.

महाराष्ट्र विधानमंडळ : येथे प्रश्नाची सुरुवात ‘सन्माननीय वित्त मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ या शब्दांनी होते आणि पोटभागांत ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’ अशी साखळी असते. उत्तर ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’ असे येते. पहिलाच भाग नाकारला की पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न कसा बांधला आहे यावर उत्तर किती मिळेल हे अवलंबून असते. याशिवाय लक्षवेधी सूचना, कपात सूचना, पुरवणी मागण्यांवरील चर्चा ही आयुधे आहेत.

प्रत्येक कर वित्त विभागाकडे नसतो. व्यवसाय कर आणि राज्याचा वस्तू व सेवा कर वित्त विभागाकडे, मुद्रांक शुल्क महसूल विभागाकडे, मद्यावरील शुल्क राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आणि नगरपंचायतीच्या मालमत्ता कराचे धोरण नगरविकास विभागाकडे आहे. राज्यात १९७५ पासून लागू झालेला व्यवसाय कर रोजगार हमी योजनेच्या निधीशी जोडलेला होता. नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी भागातील मजुरीसाठी जात असल्याने मराठवाड्याच्या दृष्टीने हा कर विशेष महत्त्वाचा ठरला. संविधानाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे. मे २०१७ मधील विशेष अधिवेशनात, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री असताना, राज्याचा वस्तू व सेवा कर कायदा संमत झाला.

मंठा तालुक्याच्या संदर्भात : जालना जिल्ह्यातील मंठा विधानसभेच्या परतूर मतदारसंघात मोडते, तर लोकसभेसाठी परभणी मतदारसंघात. त्यामुळे येथील करविषयक गाऱ्हाणे मुंबई-नागपुरात परतूरच्या आमदारामार्फत आणि दिल्लीत परभणीच्या खासदारामार्फत जाते. जालन्याचा खासदार मंठेकरांचा लोकप्रतिनिधी नसतो.

तालुक्याच्या अर्थकारणात कापूस, सोयाबीन व तूर यांना स्थान आहे आणि कापसावरील कर हा येथे लागू पडणारा ठळक विषय आहे. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने ५ टक्के वस्तू व सेवा कर प्रतिभार पद्धतीने, म्हणजे विक्रेत्याऐवजी स्वतः भरायचा असतो. शेतकऱ्याला नोंदणी करावी लागत नाही. जिनिंग चालकाला कर आधी भरून नंतर त्याचे श्रेय घ्यावे लागते, त्यामुळे हंगामात त्याचे खेळते भांडवल अडकते. हा विषय वित्त विभागाला राज्यात विचारता येतो, अर्थ मंत्रालयाला लोकसभेतही. दोन्हीकडून उत्तर जीएसटी परिषदेकडे बोट दाखविते. परिषदेने सप्टेंबर २०२५ मधील ५६ व्या बैठकीत ट्रॅक्टर व ठिबक सिंचन संचावरील कर १२ वरून ५ टक्के करण्याची शिफारस केली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ती लागू झाली.

मराठवाड्याशी निगडित दुसरे उदाहरण सहकारी साखर कारखान्यांचे. उसाला किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम नफा मानून प्राप्तिकर खात्याने केलेल्या मागण्या अनेक वर्षे प्रलंबित होत्या. २०१५ च्या दुरुस्तीने पुढील काळासाठी आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापूर्वीच्या देण्यांसाठी सवलत मिळाली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या सवलतीचा अंदाज जवळपास १०,००० कोटी रुपये सांगितला.

मर्यादा : गोंधळामुळे तास वाया जाणे, मोघम उत्तरे आणि लांबणारी आश्वासने या नेहमीच्या तक्रारी. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून संसदेच्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. कोविड साथीमुळे २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. त्या अधिवेशनात माहिती मिळाली, पण पूरक प्रश्न विचारता आले नाहीत. तोंडी उत्तराला लेखी उत्तर पर्याय ठरत नाही, कारण छापील मजकुराच्या पुढे जाऊन अर्थमंत्र्यांची स्वतःची जाण तपासली जाते ती पूरक प्रश्नातच.