लष्करातून निकाली निघालेले ट्रक शेतमाल वाहतुकीसाठी: घेण्याआधी काय पाहावे?

सोयाबीनची सोंगणी होऊन शेतात सुड्या लागतात आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस येतो. हिवरा आश्रम आणि मेहकर तालुक्यातील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात पांदण रस्ता चिखलाने भरला की ट्रॅक्टरची ट्रॉली रुतते. मळणी झालेले पोते धुऱ्यावर भिजते आणि ओलावा वाढला की बाजारात भाव कमी मिळतो. अशा वेळी लष्कराच्या लिलावातला फोर-व्हील ट्रक स्वस्तात मिळतो आणि तो चिखलातूनही चालतो, असे शेतकऱ्यांच्या कानावर येते. यातले अर्धे खरे आहे. ट्रक चालतो, पण कागदपत्रे, जमीन आणि हिशोब या तीन ठिकाणी तो अडतो.

कोणते ट्रक असतात?

- शक्तिमान: जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे १९५९ पासून बनलेला ट्रक. त्याचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली. सुटे भाग जुन्या गाड्यांतूनच काढून मिळवावे लागतात.
- स्टॅलियन: अशोक लेलँडचा चारही चाकांना जोर असलेला ट्रक, जबलपूरच्या वाहन निर्माणीत जोडला जातो. त्याची क्षमता खराब वाटेवर ५ टन आणि चांगल्या रस्त्यावर ७.५ टन धरली जाते.
- टाटा एलपीटीए ७१३: अडीच टनी गटातील, चारही चाकांना जोर असलेला लहान ट्रक.
- जोंगा: निसानच्या परवान्याने जबलपूरलाच बनलेली गाडी. ही ट्रक नव्हे. हलकी ओढकामे करते, पण हिचे उत्पादनही बंद झाले आहे.

या ट्रकची क्षमता रस्त्यावर जास्त आणि शेतवाटेवर कमी असते. शेतकऱ्याने नेहमी कमी असलेला आकडा धरावा.

लिलाव कसा होतो?

सेवेतून काढलेली वाहने बहुतेक करून एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात निघतात. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि बयाणा रक्कम भरावी लागते. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर होते. म्हणजे इंजिन बंद निघाले किंवा गिअरबॉक्स अर्धा असला, तरी तक्रार चालत नाही. बोलीच्या रकमेवर जीएसटी व इतर कर लागतात. ठरलेल्या मुदतीत वाहन स्वखर्चाने उचलावे लागते. डेपोतून गावापर्यंत ते दुसऱ्या वाहनावर आणण्याचा खर्चही आधीच धरावा.

सर्वांत आधी लॉटची अट वाचा. वाहन वापरासाठी विकले जात आहे की फक्त मोडीत काढण्यासाठी, हे अटींतून कळते. १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे द्यावी लागतात. संरक्षणाच्या कामातील चिलखती व विशेष वाहनांना यातून सूट आहे. मोडीसाठी विकलेला ट्रक दुरुस्त करून रस्त्यावर आणता येत नाही.

नोंदणी झाली तरच ट्रक तुमच्या कामाचा

लष्करी वाहनावर बाणाचे चिन्ह असलेला क्रमांक असतो. तो नागरी रस्त्यासाठी चालत नाही. खरेदीनंतर परिवहन कार्यालयात नव्याने नोंदणी करावी लागते. बुलढाणा जिल्ह्याचा क्रमांक एमएच-२८ आहे.

- नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो.
- लष्करातून आलेल्या वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना २१ मधील मूळ विक्री दाखला लागतो. मधल्या व्यापाऱ्याची पावती त्याऐवजी चालत नाही.
- ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे. तो बदलावा लागतो.
- ट्रक हे मालवाहू वाहन आहे. योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि कर लागतो. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असल्यास परवाना लागतो, मग त्यातून स्वतःचाच माल नेत असलात तरी.
- एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त असेल, तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर तो चालवता येत नाही.

कृषी ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहनात मोडतो, म्हणून ट्रॅक्टरच्या सवयीने ट्रककडे पाहू नये. नोंदणी नसलेला ट्रक रस्त्यावर चालवला, तर विम्याचे संरक्षण मिळेलच असे नाही. पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना कोणाला धक्का लागला, तर भरपाईचा सगळा बोजा मालकावर येऊ शकतो. त्यात शेतही जाऊ शकते.

काळ्या जमिनीत ट्रक उतरवावा का?

चारही चाकांना जोर आणि कमी वेगाचे गिअर यांमुळे ट्रक चिखलातून निघतो, पण त्यामुळे त्याचे वजन कमी होत नाही. काळी माती पाणी घेऊन फुगते आणि ओली असताना सहज दबते. एका आसावर ५-६ टनांपेक्षा जास्त भार आला, की दाब नांगरटीच्या थराखाली जातो. रिकाम्या ट्रकचे वजनच काही टन असते. वर ५ टन माल चढला, की मागच्या आसावर एवढा भार सहज येतो. खाली दबलेला थर साध्या वखरणीने मोकळा होत नाही. पुढच्या हंगामात तिथे पाणी साचते आणि तुरीचे सोटमूळ खाली जात नाही.

- वाफसा येईपर्यंत ट्रक शेतात घालू नका. मुठीत दाबलेला मातीचा गोळा फुटत नसेल, तर थांबा.
- ट्रक धुऱ्यावर किंवा पक्क्या जागी उभा करा. शेतातून तिथपर्यंत पोती बैलगाडीने किंवा अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीने आणा.
- शेतात जावेच लागले, तर ये-जा एकाच वाटेने करा. सगळे शेत दबण्यापेक्षा एक पट्टा दबलेला बरा.
- कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर बंद ठेवा. चालू राहिल्यास गिअर व आसांवर ताण येतो.

ट्रकमागे ट्रॉली जोडताना

ट्रॅक्टरची ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकासाठी आणि त्याच्या मंद वेगासाठी बनवलेली असते. लष्करी ट्रकचा मागचा हुक वेगळ्या घडणीचा आणि वेगळ्या उंचीवर असतो. उंची जुळली नाही, तर ट्रॉलीचा भार मागे किंवा पुढे झुकतो. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. ट्रकच्या वेगाने अशी ट्रॉली डोलते आणि उतारावर ब्रेक मारला, की ती ट्रकला मागून ढकलत आडवी होते. म्हणून ब्रेक असलेला, नोंदणी केलेला आणि त्या हुकाला जुळणारा ट्रेलरच जोडावा. सोबत सुरक्षा साखळी, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर हवेत.

रुतलेली ट्रॉली ओढताना झटका देऊ नका. साखळी तुटली तर ती गोळीसारखी येते. माणसांना साखळीच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करा.

हिशोब कसा मांडावा?

समजा १० एकर सोयाबीन आहे आणि एकरी ८ क्विंटल उतारा आला. म्हणजे ८० क्विंटल, अर्थात ८ टन माल झाला. ५ टनी ट्रकच्या दोन फेऱ्यांत तो मेहकर किंवा खामगावच्या बाजारात पोहोचतो. दोन फेऱ्यांसाठी वर्षभराचा विमा, कर, टायर, बॅटरी आणि चालक सांभाळणे परवडत नाही. हेच गणित ३०० एकरांच्या शेतकरी गटासाठी मांडले, तर २,४०० क्विंटल म्हणजे ४८ फेऱ्या होतात. त्यात हरभरा, गहू आणि खतांची वाहतूक जोडली, तर विचार करता येतो. कापसाचे गणित वेगळे असते. तो हलका पण जागा खाणारा, म्हणून वजन भरण्याआधीच ट्रक भरतो.

वर्षाचा सगळा खर्च भागिले वर्षात वाहिलेले क्विंटल, हा आकडा गावातल्या भाड्याच्या दराशी ताडून पाहा. तो जास्त निघाला, तर भाड्यानेच माल न्या.

ट्रॉलीला कमी लेखू नये. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंती महोत्सवाला बसणाऱ्या प्रचंड पंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टर-ट्रॉलीतूनच फिरवून वाढली जाते. मंद चाल, कमी उंची आणि हवे तिथे थांबणे हेच ट्रॉलीचे गुण आहेत, आणि शेतातली पोती भरतानाही तेच उपयोगी पडतात.

थोडक्यात

- लॉटची अट आणि नमुना २१ मिळण्याची खात्री झाल्याशिवाय बोली लावू नका.
- बोलीआधी ओळखीचा मेस्त्री सोबत नेऊन इंजिन, ट्रान्सफर केस, पुढचा आस आणि चासीचा गंज तपासा. चासी व इंजिन क्रमांक यादीशी जुळवा.
- टायरला तडे असतील, तर पूर्ण संचाची किंमत खरेदीत धरा.
- एकट्याने घेऊ नका. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तरच विचार करा.
- पांदण पक्की झाली, तर साधी ट्रॉलीही बाराही महिने चालते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजना आहे. ट्रकवर पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीत पांदणीचा प्रस्ताव कुठे अडला आहे, ते विचारा.