नर्सिंग नाऊ

नर्सिंग नाऊ ही परिचर्या व्यवसायाचा दर्जा आणि आरोग्यव्यवस्थेतील त्याचे स्थान उंचावण्यासाठी २०१८ ते २०२१ या काळात राबवण्यात आलेली जागतिक मोहीम होती. ब्रिटनमधील बर्डेट ट्रस्ट फॉर नर्सिंग या विश्वस्त संस्थेने ती जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद यांच्या सहकार्याने चालवली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे माजी मुख्य कार्यकारी नायजेल क्रिस्प आणि बोट्स्वानाच्या माजी आरोग्यमंत्री व परिचारिका शीला ट्लोऊ हे मोहिमेचे सहअध्यक्ष होते.

पार्श्वभूमी

तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १९७८ साली झालेल्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा हा 'सर्वांसाठी आरोग्य' या ध्येयाचा पाया मानला. या सेवेचा मोठा भार प्रत्यक्षात परिचारिका वाहतात. भारतातील ग्रामीण उपकेंद्रांत लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी व बालकांची देखभाल ही कामे प्रामुख्याने सहायक परिचारिका प्रसाविका (एएनएम) करतात. तरीही आरोग्यविषयक धोरण ठरवणाऱ्या पदांवर परिचारिकांचे प्रमाण अल्प असते.

ब्रिटिश संसदेतील जागतिक आरोग्यविषयक सर्वपक्षीय गटाने २०१६ मध्ये 'ट्रिपल इम्पॅक्ट' हा अहवाल प्रसिद्ध केला. परिचर्येचा विकास केल्यास आरोग्य सुधारते, स्त्री-पुरुष समानतेला चालना मिळते आणि अर्थव्यवस्था बळकट होते, असा तिहेरी परिणाम त्यात मांडला होता. याच अहवालातून पुढे मोहिमेची कल्पना आकाराला आली आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तिचा आरंभ झाला.

कार्य

मोहिमेचे काम शंभराहून अधिक देशांतील स्थानिक गटांमार्फत चालले. 'नाइटिंगेल चॅलेंज' या उपक्रमात ३५ वर्षांपर्यंतच्या परिचारिका व प्रसाविकांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देण्याचे आवाहन रुग्णालये व अन्य संस्थांना करण्यात आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत असल्याने २०२० हे वर्ष आंतरराष्ट्रीय परिचारिका व प्रसाविका वर्ष म्हणून जाहीर झाले होते. मात्र त्याच वर्षी कोविड-१९ ची साथ पसरली.

जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद व नर्सिंग नाऊ यांच्या साहाय्याने एप्रिल २०२० मध्ये परिचर्येच्या जागतिक स्थितीविषयीचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या, तर ५९ लाख परिचारिकांची कमतरता होती. या कमतरतेपैकी ८९ टक्के वाटा अल्प व निम्न-मध्यम उत्पन्न गटातील देशांचा होता.

स्थलांतराचा प्रश्न

परिचर्येतील आंतरराष्ट्रीय सहकार्यापुढे स्थलांतर ही मोठी अडचण आहे. वरील अहवालानुसार दर आठ परिचारिकांपैकी एक परिचारिका आपल्या जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करत होती. गरीब देशाने प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाचा लाभ अशा वेळी श्रीमंत देशाला मिळतो आणि मूळ देशातील आरोग्यकेंद्रांत पदे रिक्त राहतात. अशा भरतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आचारसंहिता स्वीकारली. परंतु तिचे पालन ऐच्छिक आहे.

समाप्तीनंतर

मोहीम २०२१ मध्ये संपली. युवा परिचारिकांच्या नेतृत्वविकासाचा उपक्रम 'नर्सिंग नाऊ चॅलेंज' या नावाने पुढे चालू राहिला. मे २०२५ मधील दुसऱ्या जागतिक अहवालानुसार २०२३ साली परिचारिकांची संख्या २ कोटी ९८ लाख, तर कमतरता ५८ लाख होती.