‘आहेस का?’ : एका छोट्या प्रश्नाची गोष्ट

शाळेच्या संगणक-कक्षात इंटरनेट बंद पडले की आपण पहिल्यांदा काय करतो? राउटर बंद करतो, थोडे थांबून पुन्हा चालू करतो. पुष्कळदा जोडणी परत येते आणि आपला तास निभावतो. पण बिघाड नेमका कोठे होता, हे कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर होतो. बिघाडाची जागा शोधणे हे वेगळे काम आहे. त्यासाठीचे एक साधे साधन कसे जन्मले, ते पाहू.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्याने संदेशवहनाचे ‘टीसीपी-आयपी’ हे नियम स्वीकारले. आजचे इंटरनेटही याच नियमांवर उभे आहे. संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करायचे आणि ते टप्प्याटप्प्याने पुढे धाडायचे, ही त्यातली पद्धत. प्रत्येक टप्प्यावर पुढची वाट दाखवतो तो राउटर. या व्यवस्थेच्या, सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमावलीत ‘प्रतिध्वनी’ची एक सोय होती : एका यंत्राने हाक द्यायची, दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत पाठवायची.

जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतील एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी, अशा प्रतिध्वनीला लागणारा वेळ आपण मोजतो, असे सांगितले. ही गोष्ट माइक मूस यांच्या लक्षात राहिली. मूस अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील जाळे विचित्र वागू लागले. मूस यांनी सुमारे हजार ओळींचा एक प्रोग्राम लिहून काढला, पण तो चालेना; कारण संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीतच अशा हाकेची सोय नव्हती. मग तीही त्यांनी रातोरात लिहिली आणि पहाट होण्याआधी सारे चालू केले. गंमत अशी, की पहिली हाक देण्यापूर्वीच एका सहकाऱ्याने बिघडलेला भाग शोधून दुरुस्त केला होता!

प्रोग्रामला नाव मिळाले ‘पिंग’. पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून मूस यांनी ते ठेवले.

पिंगची एक गोष्ट मूस स्वतः सांगत. एका कार्यालयातील जोडणी मधूनमधून तुटे. तेथील व्यवस्थापकाने उत्तर आले की संगणक मोठ्याने ‘पिंग’ म्हणेल, अशी योजना केली आणि इमारतभर फिरत एकेक केबलची जोडणी हलवून पाहिली. एका ठिकाणी हात लागताच आवाज थांबला. सैल जोडणी सापडली!

हीच रीत आपल्या राउटरला लागू पडते. चार हाका, जवळून दूर :

१. १२७.०.०.१ : हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता. येथे उत्तर नसेल, तर दोष संगणकातल्या जाळे-व्यवस्थेत.

२. राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. येथे अडले, तर केबल, वाय-फाय किंवा राउटर तपासावा.

३. बाहेरच्या एखाद्या यंत्राचा आकडी पत्ता. राउटर उत्तर देतो आणि हे यंत्र देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडच्या जोडणीत असण्याचा संभव जास्त.

४. एखाद्या संकेतस्थळाचे नाव. आकड्याला उत्तर येते, पण नाव सापडत नाही, तर नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा बिघडली आहे.

येथे एक सावधगिरी हवी. काही यंत्रे सुरक्षिततेसाठी अशा हाकांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले तर वाट चालू आहे, हे नक्की. उत्तर आले नाही तर ती बंदच आहे, असे नाही. एक यंत्र गप्प राहिले, तर दुसऱ्याला हाक देऊन पाहावी. पुराव्याचे हे तर्कशास्त्र विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतही उपयोगी पडेल.

मूस यांचे २००० साली अपघाती निधन झाले. हेच आपले सर्वांत प्रसिद्ध काम ठरणार हे माहीत असते, तर आणखी एक-दोन दिवस खर्च केले असते, असे ते विनोदाने म्हणत.

पुढच्या वेळी जोडणी तुटली, की राउटरच्या बटणाला हात लावण्यापूर्वी एका विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करावे आणि या चार हाकांची उत्तरे ओळीने लिहायला सांगावीत. उत्तरे कोठे थांबतात, ते मुलांनाच शोधू द्यावे.